कॅनव्हास प्रिंटवर वॉर्निशचा हात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक वॉर्निश एकाच डब्यातून दोन कॅनव्हास प्रिंटवर लावलं. एकावर छान बसलं, दुसऱ्यावर रोलर फिरताच लाल आणि काळा रंग पसरला. वॉर्निश खराब आहे का?

उत्तर : वॉर्निश चांगलं आहे, फरक शाईत आहे. पाण्यावर आधारित इंकजेट शाया दोन जातीच्या असतात. डाय शाईतला रंग पाण्यात विरघळलेला असतो आणि वाळल्यानंतरही ओल लागली की सुटतो. पिग्मेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून पाण्याचं वॉर्निश पिग्मेंटवर चालतं, डायवर घात करतं.

डबा उघडण्याआधी चाचणी घ्या. जी कड पुढे चौकटीच्या मागे दुमडली जाणार आहे तिथे कापसाचा ओलसर बोळा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. घासू मात्र नका. मॅट कॅनव्हासवर घासलं तर पिग्मेंटही थोडं निघतं आणि तुमची फसगत होते. दाबूनच रंग उतरला, तर त्या प्रिंटला सॉल्व्हंटवर आधारित अ‍ॅक्रिलिक स्प्रेच द्या : 25 ते 30 सेंटिमीटर अंतरावरून तीन विरळ हात, पहिला तर इतका हलका की पृष्ठभाग ओला दिसताही कामा नये. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही, आणि तोंडावर वाफा अडवणारा मास्क. इको-सॉल्व्हंट शाईचं गणित उलटं आहे. ती पाण्याला दाद देत नाही, पण सॉल्व्हंटचा स्प्रे भरपूर मारला तर मऊ पडते.

पसरलेला रंग पुन्हा जागेवर येत नाही. तो प्रिंट नव्याने छापावा लागेल.

प्रश्न : 60 × 90 सेंटिमीटरच्या पिग्मेंट प्रिंटला रोलरने वॉर्निश द्यायचं आहे. किती लागेल आणि नेमकं कसं लावायचं? मागच्या वेळी बुडबुडे आले आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला.

उत्तर : आधी थांबा. छापल्यानंतर किमान 24 तास, हवा दमट असेल तर 48. शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातले ग्लायकॉलसारखे द्रव सावकाश उडतात. ते वॉर्निशखाली कोंडले गेले तर थर नीट चिकटत नाही आणि चित्रावर मळकट छटा येते.

तुमच्या प्रिंटचं क्षेत्रफळ 0.54 चौरस मीटर. एका हाताला चौरस मीटरमागे साधारण 100 मिलिलिटर धरा, म्हणजे 55 मिलिलिटर. रोलरही काही पितो, त्यामुळे ट्रेमध्ये 80 ओता. त्याआधी डबा हलवू नका. तुमचे बुडबुडे बहुधा तिथेच तयार झाले. सपाट काठीने तळापासून दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा आणि बारीक जाळीतून गाळा. उत्पादकाची परवानगी असेल तर पहिल्या हातासाठी 10 टक्के डिस्टिल्ड पाणी मिसळा, म्हणजे 80 मिलिलिटरला 8. पातळ थर विणीच्या खळग्यांत उतरतो. घट्ट वॉर्निश खळग्यांवरून पूल बांधतं, खालची हवा वर येते आणि सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात.

रोलर बारीक छिद्रांच्या फोमचा किंवा अगदी आखूड लवेचा घ्या. लवेचा असेल तर आधी चिकटपट्टीवर फिरवून सुटे धागे काढा. मग रोलर पाण्यात भिजवून घट्ट पिळा. प्रिंट सपाट टेबलावर पसरा आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. इथे एखादा कापसाचा तंतू निघून पांढरा ठिपका दिसला तर जुळत्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा टिंब आत्ताच द्या. (कॅनव्हास छापण्याआधी झाडला असेल तर ही वेळ येत नाही.)

आता भराभर लांबीच्या दिशेने वॉर्निश पसरवा, लगेच आडवं फिरवा, आणि शेवटी एकाच दिशेने, फक्त रोलरच्या वजनाने, एक हलका फेर. हे सगळं दोन-तीन मिनिटांत संपवा आणि हात काढा. बारीक फेस आपोआप विरतो. तुमची संत्र्याची साल इथेच झाली असणार : तीन-चार मिनिटांनी वॉर्निश आटू लागतं, आणि तेव्हा राहिलेली जागा भरायला रोलर पुन्हा फिरवला की अर्धवट धरलेला थर ओरबाडला जातो. राहिली जागा तर राहू द्या, दुसरा हात ती झाकतो. ती हेरायला दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहा.

एक ते दोन तासांनी, थंड किंवा चिकट लागत नसेल तेव्हा, दुसरा हात पाणी न घालता पहिल्याला काटकोनात द्या. पंखा प्रिंटवर रोखू नका, तो धूळ आणून बसवतो.

प्रश्न : मॅट वॉर्निशचे तीन हात दिले आणि चित्रातला काळा रंग राखाडी झाला. हा पांढुरका पडदा जाईल का?

उत्तर : ओलं वॉर्निश दुधाळ दिसतंच, त्याची काळजी नको, अ‍ॅक्रिलिकचे कण पाण्यात सुटे असेपर्यंत प्रकाश विखुरतात आणि वाळताना एकजीव होऊन पारदर्शक होतात. वाळल्यावरही पडदा राहिला तर त्याची कारणं दोन प्रकारची.

पहिलं, थंडी, दमट हवा किंवा जाड थर. कण नीट जुळत नाहीत किंवा पाणी आत अडकतं. खोली 18 ते 30 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 65 टक्क्यांखाली हवी. प्रिंट उबदार, कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवून पाहा. अडकलेलं पाणी निघून गेलं की असा पडदा बऱ्याचदा विरतो.

तुमच्या बाबतीत मात्र दुसरं कारण दिसतं. मॅट वॉर्निशमध्ये तकाकी मारण्यासाठी सिलिकाची पूड असते. एका हातात ती पृष्ठभाग खरखरीत करण्यापुरती असते, तीन हातांत तिचा धुकट थरच साचतो. तो वाळवून जाणार नाही. वर ग्लॉसचा एक हात द्या, काळ्याची खोली बरीचशी परत येईल. पूर्ववत होईल असं आश्वासन आम्ही देणार नाही. पुढच्या वेळी खालचे हात ग्लॉसचे आणि फक्त शेवटचा मॅटचा. तळाशी बसलेली पूड ढवळून वर आणली नाही तर चित्रावर चमकदार आणि निस्तेज पट्टे उमटतात, तेही सांभाळा.

प्रश्न : वॉर्निश चौकटीवर ताणण्याआधी द्यावं की नंतर?

उत्तर : रोलर वापरणार असाल तर आधी. ताणलेल्या कॅनव्हासवर रोलर दाबला की चौकटीच्या आतल्या कडेची रेघ समोर उमटते. स्प्रे गन असेल तर नंतरही चालतं.

वॉर्निश दिल्यावर दोन-तीन दिवस थांबा आणि उबदार खोलीत ताणा. गारठ्यात थर ताठर होतो आणि दुमडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. चौकटीची धारदार कडही तेच करते, म्हणून पॉलिश पेपरने ती किंचित गोल करा. पक्कडीत फक्त कोरी कड धरा.

प्रश्न : वॉर्निशवर ‘यूव्ही संरक्षण’ लिहिलं आहे. मग चित्र उन्हात लावलं तर चालेल?

उत्तर : नाही. अतिनील किरण काही प्रमाणात अडतात, पण दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग उडतो, आणि तो प्रकाश अडवला तर चित्रच दिसणार नाही.

प्रश्न : वॉर्निश दिलेले प्रिंट गुंडाळून पाठवले, ते एकमेकांना चिकटले. लाकडाचं वॉर्निश वापरलं असतं तर असं झालं नसतं ना?

उत्तर : लाकडाचं तेलकट वॉर्निश काळाने पिवळं पडतं आणि ताठर होतं, कॅनव्हासवर ते नकोच. चिकटण्याचं कारण वेगळं आहे. अ‍ॅक्रिलिकचा थर वरून कोरडा लागला तरी बरेच दिवस मऊ असतो, आणि उष्णता व दाब मिळाला की दुसऱ्या थराला धरतो. किमान आठवडा जाऊ द्या. चित्राची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळा आणि मध्ये सिलिकॉनचा न चिकटणारा कागद घाला. बबल रॅप थेट लावलात तर त्याचे गोल ठसे उमटतात.

चिकटलेले प्रिंट ओढू नका. गुंडाळी तशीच थंड जागी काही तास ठेवा, थर कडक झाला की टोकापासून इंच-इंच सोडवा. पृष्ठभाग ओरखडला असेल पण शाई शाबूत असेल, तर आणखी एका पातळ हाताने तो सावरतो.