गुडघ्याआधीचे दहा सेकंद

प्रश्न : मी मालवणजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. या मोसमात आमच्या फुटबॉल संघातील दोन मुलांचे गुडघे दुखावले. संगणकावर सामन्याचे विश्लेषण केल्यास कोणाला दुखापत होणार हे आधी कळते, असे ऐकतो. आमच्यापाशी मोबाइलवर घेतलेले चित्रण आणि शाळेचा संगणक एवढेच आहे. त्यातून काही साधेल का?

उत्तर : नक्की साधेल, मात्र ‘कोणाला’ हा प्रश्न बाजूला ठेवून कोणत्या कृतीत, मैदानाच्या कोणत्या भागात आणि कितव्या मिनिटाला धोका वाढतो, असे आपल्याला विचारावे लागेल. लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातील संशोधकांनी इंग्लिश प्रीमियर लीगच्या १० सामन्यांचा असाच अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. चित्रफीत थांबवत थांबवत त्यांनी प्रत्येक कृती संगणकात नोंदवली आणि तिच्यात दुखापतीचा संभव किती होता, याची प्रतवारी लावली. टॅकल करणे (म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू हिसकावायला जाणे), टॅकल अंगावर येणे आणि प्रतिस्पर्ध्याची धडक बसणे या कृती सर्वांत धोक्याच्या ठरल्या; वेळेच्या दृष्टीने पहिली व शेवटची १५ मिनिटे.

प्रत्यक्ष दुखापतीच का मोजल्या नाहीत, असे आपल्या मनात येईल. दोन्ही संघांचे २२ खेळाडू ९० मिनिटे खेळले की ३३ खेळाडू-तास भरतात, आणि दुखापतींचे प्रमाण १००० खेळाडू-तासांमागे सांगण्याची रीत आहे. म्हणजे ३० पूर्ण सामने झाले तरी हजार भरत नाहीत. त्यामुळे दोन गुडघ्यांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. पाय थोडक्यात वाचला, असे प्रसंग मात्र कितीतरी अधिक सापडतात.

त्यासाठी साधा एक्सेलचा तक्ता पुरतो. एका कृतीला एक ओळ द्यावी : ‘५२ वे मिनिट, डावी बाजू, आपल्या गोलजवळ, मागून टॅकल, पडला, उठून खेळला.’ निर्धोक टॅकलही मोजावेत, नाहीतर प्रमाण निघणार नाही. चित्रण शाळेच्या गच्चीवरून घ्यावे, कारण रेषेजवळून पलीकडची बाजू नीट दिसत नाही. आठवड्याने तोच सामना नोंदी न पाहता पुन्हा नोंदवावा. दोन तक्ते जुळले तरच त्यांवर भिस्त ठेवावी. आपल्याकडच्या मैदानांसाठी मी आणखी एक रकाना सुचवीन, जमिनीचा. जांभ्याची खडी उघडी पडलेल्या कोपऱ्यात घसरणाऱ्या मुलाच्या मांडीचे सालटे निघते, हे इंग्लंडमधल्या हिरवळीवरचा अभ्यास आपल्याला सांगणार नाही.

मागे मुरगळलेला घोटा कॅमेऱ्याला दिसत नाही, तो मुलालाच विचारावा लागतो. शिवाय गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या) अनेक दुखापती कोणाचाही स्पर्श न होता, उडी मारून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना होतात. त्या दोन सामन्यांचे चित्रण अजून असेल तर सुरुवात तिथूनच करा. मुलगा गुडघा धरून खाली बसला, त्याच्या आधीचे दहा सेकंद त्याला शेजारी बसवून सावकाश पाहा आणि धक्का लागला होता की वळताना पाय रोवला गेला होता, ते पहिल्या ओळीत लिहा.