मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बीएआरसीसाठी (भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी) प्रयत्न करावा की कॅम्पसमधली नोकरी घ्यावी?

दोन्ही करा. कॅम्पसची ऑफर हातात ठेवून बीएआरसीचा फॉर्म भरता येतो. पण तुम्ही पुढे जे विचारलंय, 'मेकॅनिकलवाल्याला तिथे संशोधन कसलं?', त्यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे नोकरी करून मी निवृत्त झालोय.

ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली. क्षमता १०० मेगावॅट. पण शीतक, म्हणजे भट्टी थंड ठेवणारं जड पाणी, जोरात वाहू लागलं की इंधनाचे गज थरथरायचे, घासले जायचे आणि ॲल्युमिनियमचे कण त्या पाण्यात उतरून ते गढूळ व्हायचं. यातलं अणुविज्ञान सगळ्यांना ठाऊक होतं. अडलं होतं ते कंपनांपाशी, म्हणजे तुमच्याच अभ्यासक्रमापाशी. इंधनाच्या जुडग्याच्या रचनेत बदल करून ती कंपनं आवरली, आणि पूर्ण क्षमता गाठायला १९८८ उजाडलं. इथलं संशोधन बरंचसं असंच असतं. एकच दुखणं वर्षानुवर्षं उशाशी. दर सहा महिन्यांनी नवा प्रोजेक्ट हवा असणारा माणूस इथे कंटाळतो.

आत शिरायचा रस्ता म्हणजे ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासूनचं. इंजिनिअरिंगला किमान ६०% हवेत. त्यांची स्वतःची परीक्षा किंवा गेट या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग परीक्षेचा स्कोअर, यावर फक्त मुलाखतीचं बोलावणं येतं. अंतिम निवड निव्वळ मुलाखतीवर. गेटचा रँक मिरवत गेलेली मुलं इथेच गडबडतात. मुलाखत लांबते, हातात खडू-मार्कर देतात आणि एका साध्या प्रश्नावरून खोल खोल नेतात. थर्मो, फ्लुइड, स्ट्रेंथ यांतले दोन-तीन विषय मुळापासून करा, सूत्र कुठून आलं ते काढून दाखवता येईल इतके. इंग्रजी अडखळतं म्हणून घाबरू नका, आकृती नीट काढली की निम्मं काम होतं.

निवड झाली की वर्षभर वर्ग आणि परीक्षा, शाळेसारख्याच. मग सायंटिफिक ऑफिसर 'सी', सरकारी वेतनश्रेणीतली लेव्हल १०, मूळ पगार महिना ५६,१००. नेमणूक मात्र ट्रॉम्बेलाच होईल असं धरू नका. कल्पाक्कम, इंदूर, कोलकाताही होऊ शकतं. तीन वर्षं नोकरी करण्याचं हमीपत्रही द्यावं लागतं. बढती जागा रिकामी होण्यावर अडत नाही, ठराविक वर्षांनी मुलाखत होते, ही मला सरकारी नोकरीतली सर्वांत न्याय्य पद्धत वाटते. पगारात खासगी कंपनी पुढे जाईल, विशेषतः दहा वर्षांनंतर. उलट बाजूला अणुशक्तीनगर या कर्मचारी वसाहतीतली घरं, शाळा, दवाखाना. मुंबईत त्याची किंमत लग्नानंतर कळते.

घरच्यांना कामाचं फारसं सांगता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवा. आमच्या मावशी शेवटपर्यंत 'तो सरकारी ऑफिसात आहे' एवढंच सांगायच्या.

खुल्या गटाला वयोमर्यादा २६ आहे, म्हणजे यंदा नाही जमलं तर कॅम्पसची नोकरी करत पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल.