परदेशात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवताना

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. उभे आयुष्य मुंबईच्या रस्त्यांवर गाडी चालवण्यात गेले आहे. आता काही महिन्यांसाठी लेकीकडे न्यू जर्सीला जाणार आहे आणि नातवाला शाळेतून आणण्याचे काम मी करावे, अशी तिची इच्छा आहे. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे म्हटल्यावर मात्र मन कचरते. इथल्या गर्दीत ज्याचा हात बसला, त्याला तिथे काहीच अवघड जात नाही, असे मित्र सांगतात. ते खरे मानावे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. गाडीवरचा ताबा आणि अंतराचा अंदाज आपण सोबत नेणार आहात, यात शंका नाही. परंतु बाजू बदलल्यामुळे होणारी चूक गर्दीत फारशी घडत नाही, कारण तिथे पुढची गाडीच आपल्याला योग्य लेनमध्ये ठेवते. चूक घडते ती मोकळ्या रस्त्यावर. रविवारी सकाळी दुकानाच्या वाहनतळातून बाहेर पडताना, पेट्रोल भरून पुन्हा रस्त्याला लागताना, एकदिशा मार्ग संपून दुतर्फा रस्ता सुरू होतो त्या ठिकाणी किंवा यू-टर्न घेतल्यानंतर समोर एकही वाहन नसते आणि लक्ष जरा ढिले पडले की हात जुन्या सवयीने गाडी डावीकडे नेतात. म्हणून थांबलेली गाडी पुन्हा सुरू करताना प्रत्येक वेळी ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे. शेजारी कोणी बसले असेल तर त्याचा संकोच बाळगू नये.

लक्षात ठेवण्याची मुख्य खूण एकच आहे : चालक रस्त्याच्या मध्याकडे बसतो. मुंबईत आपण गाडीत उजवीकडे बसता आणि दुभाजक आपल्या उजव्या हाताला असतो. अमेरिकेत आपण डावीकडे बसाल आणि दुभाजक किंवा मधली पिवळी रेषा डाव्या हाताला राहील. वळून नव्या रस्त्यावर आल्यावर ती रेषा आपल्या दाराच्या बाजूला दिसत नसेल, तर आपण चुकीच्या बाजूला आहात, हे तत्काळ ओळखावे.

वळणांचा हिशेबही उलटा होतो. इथे डावे वळण छोटे असते आणि उजवे वळण समोरची रहदारी ओलांडून घ्यावे लागते. तिथे उजवे वळण छोटे आणि डावे लांबचे. डावीकडे वळताना चौकाच्या मध्यापर्यंत पुढे जाऊन मगच स्टिअरिंग फिरवावे, कारण आधीच फिरवल्यास गाडी थेट समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनमध्ये शिरते. न्यू जर्सीत आणखी एक वैशिष्ट्य आपल्याला भेटेल. तिथल्या अनेक मोठ्या रस्त्यांवर डावीकडे जायचे असले तरी आधी उजवीकडच्या जोडरस्त्याने बाहेर पडावे लागते, आणि त्या जोडरस्त्याने फिरून मूळ रस्ता सिग्नलवर ओलांडता येतो. ‘सर्व वळणे उजव्या लेनमधून’ अशा अर्थाची पाटी आधी लावलेली असते. समोरची रहदारी ओलांडण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो. नवख्या चालकाला ही सोय फार उपयोगी आहे, असे माझे मत आहे. सर्कलमध्ये वाहने घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात. आत शिरण्यापूर्वी डावीकडे पाहावे.

गाडीच्या आतल्या बदलांकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे पायांना नवे काही शिकावे लागत नाही. हातांचे मात्र तसे नाही. आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. तिथे ती डावीकडे असते आणि उजवीकडे वायपरची दांडी येते. पहिल्या काही चौकांत कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले, तर घाबरून काचेकडे पाहत राहू नये, नजर रस्त्यावरच ठेवावी. याहून गंभीर गोष्ट म्हणजे गाडीच्या रुंदीचा अंदाज. इतकी वर्षे गाडीचा बहुतेक भाग आपल्या डावीकडे होता, तो आता उजवीकडे असेल. पण शरीर स्वतःला पूर्वीच्याच जागी, म्हणजे लेनच्या उजव्या भागात, बसवू पाहते आणि गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते. कडेला उभ्या असलेल्या गाडीच्या आरशाला आपला आरसा लागतो किंवा उजवे चाक फुटपाथच्या कडेला घासते, ते यामुळेच. दूरवर, लेनच्या मध्यावर नजर ठेवावी आणि डावा आरसा पाहून मधल्या रेषेपासूनचे अंतर अधूनमधून तपासावे.

अचानक काही आडवे आले तर इथल्या चालकाचा हात आपसूक डावीकडे वळतो, कारण आपल्याकडे रस्त्याची सुरक्षित कड डावीकडे असते. तिथे डावीकडे समोरून येणारी वाहने असतात. ही प्रतिक्रिया केवळ ठरवून बदलत नाही. त्यावर उपाय म्हणजे वेग कमी ठेवणे, पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर राखणे आणि संकटात आधी ब्रेक दाबणे. तिथले वेगमर्यादेचे आकडे मैलांत असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

तिथले दोन नियम आपल्याला नवे वाटतील. लाल सिग्नल असला तरी पूर्ण थांबून, वाट मोकळी असल्याची खात्री करून उजवीकडे वळता येते, मात्र तशी मनाई करणारी पाटी नसेल तरच. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात याच्या उलट आहे. तिथे परवानगीची पाटी नसेल तर लाल सिग्नलवर वळता येत नाही. दुसरा नियम शाळेच्या पिवळ्या बसचा. तिचे लाल दिवे लुकलुकत असतील, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मागच्याच नव्हे, तर समोरून येणाऱ्या वाहनांनीही किमान २५ फूट अंतरावर थांबायचे असते. आपण शाळेच्याच वाटेवर गाडी चालवणार आहात, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

विमानातून उतरल्यावर लगेच गाडी हाती घेऊ नये. मुंबईहून त्या बाजूला जाणारा थेट विमानप्रवासही पंधरा तासांच्या घरात जातो, आणि अपुऱ्या झोपेत जुनी सवय अधिक बळावते. आधी लेकीच्या शेजारी बसून शाळेचा रस्ता पाहावा, मग मोकळ्या वाहनतळावर सराव करावा आणि नातवाला गाडीत घेण्यापूर्वी तोच रस्ता तिला शेजारी बसवून अनेकदा चालवावा. तिच्या गाडीच्या विम्यात पाहुण्या चालकाचा समावेश होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी भाड्याची गाडी घेऊन जर्मनी आणि फ्रान्समध्ये फिरण्याचे ठरवत आहोत. आंतरराष्ट्रीय परवाना मुंबईत कुठे मिळतो? पहिले दोन-तीन दिवस सांभाळले की पुढे चिंता नाही, असे ऐकले आहे.
— एक वाचिका, विलेपार्ले

उत्तर : आपला मूळ परवाना ज्या आरटीओच्या अखत्यारीत आहे, तिथे अर्ज करावा, विलेपार्ल्यासाठी ते कार्यालय अंधेरीचे. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरूनही अर्ज भरता येतो. भारत १९४९ च्या जिनिव्हा कराराचा सदस्य असून त्यानुसार मिळणारा हा परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. तो मूळ परवान्याला जोडून वापरायचा दस्तऐवज आहे, म्हणून दोन्ही जवळ ठेवावेत. युरोपात भाड्याच्या गाड्या बहुधा हाताने गिअर बदलण्याच्या असतात आणि गिअरचा दांडा उजव्या हाताला येतो. थोडे जास्त पैसे पडले तरी ऑटोमॅटिक गाडीच आरक्षित करावी. जिथे सिग्नल किंवा पाटी नसेल, तिथे दोन्ही देशांत उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग तो रस्ता कितीही लहान असो.

पहिल्या दिवसांविषयी आपण जे ऐकले, त्याच्याशी मी सहमत नाही. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता संपूर्ण देशाची रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. त्यानंतर अपघात वाढतील अशी भीती होती, पण प्रत्येक जण जपून चालवत असल्यामुळे ते सुरुवातीला कमी झाले, आणि लोक सरावल्यावर प्रमाण हळूहळू पूर्वीच्या पातळीवर आले. सहलीतही असेच होते. पहिल्या दिवशी दोघेही डोळ्यांत तेल घालून बसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी गप्पा रंगतात, आणि जेवणानंतर हॉटेलच्या आवारातून बाहेर पडताना गाडी डाव्या बाजूला जाते. शेजारी बसणाऱ्याने आवारातून बाहेर पडताना आणि प्रत्येक वळणावर बाजूची आठवण करून द्यावी, आणि हे काम परतीच्या दिवसापर्यंत चालू ठेवावे.

प्रश्न : माझे आई-वडील पहिल्यांदाच दुबईला भावाकडे जात आहेत. ते गाडी चालवणार नाहीत, मग त्यांना यातले काही सांगण्याची गरज आहे का?
— एक वाचिका, परळ

उत्तर : अवश्य सांगावे. रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडे पाहतो, कारण जवळच्या लेनमधली वाहने उजवीकडून येतात. दुबईत ती डावीकडून येतात. विन्स्टन चर्चिल १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर ब्रिटनच्या सवयीप्रमाणे भलत्याच दिशेला पाहून रस्त्यावर उतरले आणि मोटारीची धडक बसून जबर जखमी झाले. आई-वडिलांना झेब्रा क्रॉसिंगवर, सिग्नल मिळाल्यावरच आणि दोन्हीकडे पाहून ओलांडायला सांगावे. भलत्या जागी रस्ता ओलांडल्यास तिथे दंडही होतो. टॅक्सीतून उतरताना उजव्या दाराने, फुटपाथच्या बाजूला उतरावे. बसची दारेही उजवीकडे असतात, आणि ज्या दिशेला जायचे त्या दिशेचा थांबा मुंबईच्या सवयीने शोधला तर तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला असतो, म्हणून घराजवळचा जाण्याचा आणि येण्याचा थांबा भावाने त्यांना पहिल्याच दिवशी सोबत नेऊन दाखवावा.