वर्गात न बोलणारा मुलगा

प्रश्न : आम्ही परदेशात स्थायिक होऊन सात महिने झाले. आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. एरवी अखंड बडबड करणारा हा मुलगा शाळेत तोंडच उघडत नाही आणि मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटा उभा राहतो. घरी मात्र तो आमच्याशी पूर्वीसारखाच बोलतो. न्हाणीघराचे दार लावून तो नव्या भाषेतली वाक्ये पुटपुटत असल्याचे मी दोनदा ऐकले. घरीही हीच भाषा बोला, असे त्याच्या शिक्षिका सांगतात. तसे करावे का?
– एक आई

उत्तर : आपल्या पत्रातले न्हाणीघराचे वाक्य वाचून मला फार बरे वाटले. परक्या भाषेत अचानक येऊन पडलेली अनेक मुले सुरुवातीचे काही आठवडे, क्वचित काही महिने, नुसती ऐकत असतात. अभ्यासक याला मौनकाळ म्हणतात. कोण कोणाशी कसे बोलते, कोणता शब्द कुठे येतो, हे सारे मूल या काळात टिपत असते आणि धीर आला की आधी एकांतात, मग एखाद्या सवंगड्याजवळ बोलून पाहते. आपल्या मुलाने सुरुवात केलेली आहे.

शिक्षिकेचा हेतू चांगला असला, तरी त्यांचा सल्ला पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. खेळताना, गप्पा मारताना लागणारी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते; धडा समजून घेण्यासाठी आणि उत्तर मुद्देसूद लिहिण्यासाठी लागणारी भाषा वर्गमित्रांच्या बरोबरीने यायला मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात. या लांबच्या वाटेवर मातृभाषाच त्याच्या कामी येते. अपूर्णांक म्हणजे काय, हे त्याला आपल्या भाषेत एकदा नीट उमगले, की नव्या भाषेत फक्त त्याचे नाव शिकायचे उरते. शिवाय या वयात वापर थांबला तर मातृभाषा फार लवकर विसरली जाते, आणि मग मनातले दुःख सांगायला मुलाजवळ कोणतीच पुरेशी भाषा राहत नाही. शिक्षणातून मुलाच्या स्वतःच्या भाषेविषयी आदर वाढावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतही म्हटले आहे. शिक्षिकांशी बोलताना हे जरूर सांगावे. त्याला सर्वांसमोर उभे करून बोलायला लावू नये आणि शेजारी एखादा शांत, समजूतदार सोबती बसवावा, एवढी विनंतीही करावी.

देश सोडण्याचा निर्णय आपण घेतलात. त्याला कोणी विचारले नव्हते. मागे राहिलेल्या मित्रांची आठवण काढून तो रडला, तर नव्या शाळेचे गुणगान करून त्याला गप्प करू नका. त्या मित्रांची नावे घेऊन त्याच्याशी बोला. तो घरीही अबोल झाला, झोप किंवा भूक उडाली, अथवा आणखी काही महिन्यांनंतरही शाळेत एक शब्द बोलला नाही, तर बालमानसतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

आणि न्हाणीघरातून पुन्हा आवाज आला, तर दार वाजवू नका, ऐकल्याचेही सांगू नका. ते वाक्य सर्वांत आधी कोणाला ऐकवायचे, ते त्यालाच ठरवू द्या.