प्रिंटरवर छापलेले भिंग दुधी का दिसते?

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत रेझिनवर (प्रकाशाने कठीण होणाऱ्या द्रवावर) चालणारा थ्रीडी प्रिंटर आहे. विद्यार्थ्यांनी पारदर्शक रेझिनमध्ये ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे (म्हणजे दुरून येणारा प्रकाश भिंगापासून तेवढ्या अंतरावर एकत्र आणणारे) सपाट-बहिर्वक्र भिंग छापले. परंतु ते दुधी दिसते आणि त्यातून अक्षरे वाचता येत नाहीत. दोष रेझिनचा की यंत्राचा?
– एक विज्ञान शिक्षक, फोंडा

उत्तर : बहुधा दोन्हींचा नाही, दोष भिंगाच्या पृष्ठभागाचा आहे. खात्री करून घ्यायची असेल, तर भिंगाच्या सपाट बाजूवर त्याच रेझिनचा ताजा थेंब ठेवून त्यावर सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी दाबावी. तेवढा भाग स्वच्छ दिसू लागला, तर आतला पदार्थ पारदर्शकच आहे, असे समजावे.

प्रिंटर वस्तू थरांनी रचतो आणि त्याचा एक थर साधारणपणे ५० मायक्रोमीटर जाडीचा असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रोमीटर आहे, म्हणजे वक्र पृष्ठभागावरची प्रत्येक पायरी तरंगलांबीच्या जवळजवळ नव्वदपट उंच असते. अशा पायऱ्यांवर प्रकाश एकत्र येण्याऐवजी विखुरतो. कारखान्यातील प्लॅस्टिकची भिंगे बहुतेक वेळा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट साच्यात दाबून केली जातात आणि त्यांचा गुळगुळीतपणा साच्याकडून येतो; प्रिंटरला साचाच नसल्यामुळे तो छपाईनंतर मिळवावा लागतो.

त्यासाठी भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावे, वक्र बाजूवर त्याच रेझिनचा अगदी पातळ लेप द्यावा, बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबावे आणि मग अतिनील प्रकाशात तो कठीण करावा. रेझिन तेच हवे, हा आग्रह महत्त्वाचा आहे: लेपाचा आणि भिंगाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा आकडा) जवळजवळ सारखा असला, की दोहोंच्या सीमेवर प्रकाश वळत नाही, त्यामुळे पायऱ्या आत तशाच राहूनही प्रकाशाच्या दृष्टीने नाहीशा होतात. लेप जाड झाला तर मात्र तो कडेला साचून वक्रता बदलतो. छोट्या मोटारीवर भिंग फिरवल्यास तो अधिक समान पसरतो. सपाट बाजू त्याच रेझिनने काचपट्टीवर चिकटवणे सर्वांत सोपे.

रेझिनचा अपवर्तनांक १.५ धरला, तर ५० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी वक्रता त्रिज्या (फुगीर बाजू ज्या गोलाचा भाग असते, त्याची त्रिज्या) २५ मिलिमीटर येते. तथापि कठीण होताना रेझिन आकसते, म्हणून दूरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर घेऊन प्रत्यक्ष अंतर मोजावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम अधिक जपून करावे, कारण कठीण झालेल्या रेझिनसारखी बहुलके (लांब साखळ्यांच्या रेणूंचे पदार्थ) हवेतील ओल शोषून किंचित फुगतात. तयार भिंग सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावे.

ही धडपड वाया जाणारी नाही. श्टुटगार्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये केसाच्या जाडीएवढी बहुभिंगी रचना लेसरने रेझिनमध्ये घडवून दाखवली, आणि जिथे साचा करणेच अवघड आहे, तिथे या पद्धतीचे खरे मोल आहे. आपल्या विद्यार्थ्यांचे भिंग वाचनभिंग म्हणून चालेल. चष्म्यासाठी ते वापरू नये. कच्चे रेझिन हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि धुतलेले अल्कोहोल मोरीत ओतू नये.