डोंगर शिकायचाय? आधी जानापावला जा

अगं, इंदूरला राहून हिमालयाचा भूगोल कसा जमणार, यात अडकू नकोस. आधी महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर पावसाळ्यात दोनतीनदा जा. एका उतारावरचं पाणी चंबळकडे, दुसऱ्यावरचं नर्मदेकडे. ती पाणलोटाची रेषा एकदा पायाखाली कळली की नकाशातल्या समोच्च रेषाही (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बोलायला लागतात. (पोहे बांधून ने, वर काही मिळेलच असं नाही.)

मग जॅक आइव्ह्ज आणि ब्रुनो मेसर्ली या पर्वतांच्या भूगोलतज्ज्ञांना वाच. पहाडी शेतकरी जंगल तोडतात म्हणून बांगलादेशात पूर येतात, असं १९७०-८०च्या दशकांत सर्रास मानलं जाई. या दोघांनी ते गृहीतकच तपासायला घेतलं: हिमालयात धूप मुळातच जबरदस्त, शिवाय पुराला मैदानातला पाऊसही कारणीभूत. १९९२ च्या रिओ पर्यावरण परिषदेत ‘अजेंडा २१’ या जागतिक कृती आराखड्यामध्ये पर्वतांना तेरावं प्रकरण मिळालं, त्यामागेही या मंडळींची खटपट होती. गावकऱ्याला दोष देण्याआधी मोजायचं, एवढं जरी त्यांच्याकडून घेतलंस तरी पुष्कळ.

जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं, शीक, ते लागतंच. पण पहिल्या फील्डवर्कला मी नवेकोरे बूट घालून गेले आणि तिसऱ्या दिवशी तंबूत पाय धरून बसले. तू तुझे बूट महिनाभर आधीपासून घालून फिर. आणि तिथल्या लोकांशी बोलायला थोडी गढवाली किंवा नेपाळीही शीक.