लिक्विड क्रिस्टलच्या लांडाऊ सूत्रात घन पद कुठून येतं?

तुमचा प्रश्न असा: लांडाऊ सिद्धांतात मुक्त ऊर्जा ऑर्डर पॅरामीटरच्या, म्हणजे रचना किती शिस्तीत आहे ते सांगणाऱ्या आकड्याच्या, घातांत मांडतात. चुंबकासाठी त्यात फक्त सम घात असतात, मग नेमॅटिकसाठी (लांबट रेणू साधारण एकाच दिशेला लागलेल्या लिक्विड क्रिस्टलसाठी) भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी त्यात ऑर्डर पॅरामीटरचा घन का ठेवला? रेणूला तर डोकं-शेपूट नसतं.

एमएस्सीला मीही इथेच अडखळलो होतो. रेणू उलटा करणं आणि ऑर्डर पॅरामीटरचं चिन्ह उलटं करणं एकच, असं आपण नकळत धरून चालतो. तसं नाहीये.

खराटा उभा धरा. सगळ्या काड्या उभ्या, म्हणजे ऑर्डर पॅरामीटर १. त्यातली एखादी काडी उलटी खोचली तरी १च, कारण व्याख्येत काडी आणि उभा अक्ष यांतल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग आहे. आता दोरी सोडा आणि काड्या फरशीवर वाटेल त्या दिशेला पसरू द्या. उभ्या अक्षाच्या हिशेबानं किंमत झाली उणे अर्धा. चिन्ह बदललं ते रचनाच बदलली म्हणून. अधिक ०.३ आणि उणे ०.३ यांतही हाच फरक, त्यामुळे त्यांची ऊर्जा सारखी असायचं काही कारणच नाही. चुंबकात सगळे बाण (अणूंच्या चुंबकत्वाच्या दिशा) वर काय नि खाली काय, ऊर्जा तीच; म्हणून तिथे विषम घातांना मज्जाव. इथे तो नाही, आणि घन पद आलं की ऑर्डर पॅरामीटर शून्यापासून हळूहळू न वाढता उडी मारतो.

पडताळा हवा असेल तर द्विमितीत करून बघा. तिथे चिन्ह बदलणं म्हणजे रचना फक्त ९० अंशांत वळवणं, त्यामुळे घन पद आपोआप गळतं.

उडी मात्र बारीकशी. ५सीबी हा द्रव साधारण ३५ अंश सेल्सिअसला नेमॅटिकपणा सोडतो, आणि ज्या तापमानाला सूत्रातल्या वर्गपदाचा गुणक शून्य होतो ते त्याच्या खाली जेमतेम एक अंशावर येतं; हे अंतर कमी म्हणजे उडीही बारीक. मायर-सॉपे यांचा सरासरी-क्षेत्राचा हिशेब (प्रत्येक रेणूला बाकीच्यांचा फक्त सरासरी परिणाम जाणवतो असं धरणारा) हेच अंतर सुमारे २८ अंश सांगतो! स्थानिक चढउतार पुसून टाकल्याची ही किंमत.

संगणकावर नेमॅटिकचं लेबवोल-लॅशर प्रतिमान (जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक फिरता रेणू) चालवणार असाल तर जाळी मोठी घ्या. मी १० × १० × १० घेतली होती; उडी इतकी पसरट आली, की संक्रमण सलग, म्हणजे उडीविना आहे असं मी अहवालात ठोकून दिलं होतं.